शांतलेची उडी

बंगळुरूजवळचा शिवगंगेचा डोंगर चढून वर गेलं, की कड्याजवळ एक जागा दाखवतात. तिला नावच पडलंय 'शांतला ड्रॉप'. होयसळ राजा विष्णुवर्धनाची पट्टराणी शांतलादेवी हिने पोटी मुलगा नाही म्हणून, सवतीला वाट मोकळी करून द्यावी म्हणून, इथून उडी घेतली म्हणे. ऐकताना बायांच्या डोळ्यांत टचकन पाणी येतं. माझ्या मात्र कपाळावर आठी येते.

आपल्यापैकी बहुतेकजणी श्रवणबेळगोळला जाऊन आल्यात. पण बाहुबलीचं दर्शन झालं की समोरच्या चंद्रगिरीवर कोण चढतंय? तिथे शांतलेने ११२३ मध्ये बांधलेली शांतिनाथांची बसदी आहे, सवतिगंधवारण बसदी. सवतींपुढे मत्त हत्ती, असं हे तिचं बिरुद. वडील शैव, आई जैन, नवरा परंपरेप्रमाणे पुढे वैष्णव झालेला, आणि ही शेवटपर्यंत जैन. अशी बाई सवतीसाठी कड्यावरून उडी टाकते होय?

तिथल्या शिलालेखात ११३१ मध्ये शिवगंगेच्या तीर्थावर ती स्वर्गवासी झाल्याचं आहे. उडीबिडीचा उल्लेख नाही. 'मुडिपि' असा शब्द आहे, जो आपल्या निषिधींवरच्या लेखांत पुन्हा पुन्हा भेटतो. शांतलेचं मरण लेख एवढ्यावर आटोपतो. सविस्तर सांगतो ते तिच्या आईचं. लेक गेल्यावर माचिकब्बे बेळगोळला आली. आप्तांचा निरोप घेतला, महिनाभर उपवास केला, अर्धे डोळे मिटून पंचपदं म्हणत देह ठेवला.

कथाकाराला मोकळीक हवीच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. सी. के. नागराजराव यांनी 'पट्टमहादेवी शांतलादेवी' ही भलीमोठी कन्नड कादंबरी लिहिली. तिला १९८३ मध्ये पहिला मूर्तिदेवी पुरस्कार मिळाला. या लेखाचा मजकूर लिहिणारा बोकिमय्या आणि तो कोरणारा गंगाचारी, दगडावरची ही दोन नावं. कादंबरीत ते शांतलेचे गुरू होतात. हे कल्पितच, पण दगडाला धरून. उडीची गोष्ट दगडाला पुसून उभी राहते. राणीचं मोल मुलग्यावर ठरवते, आणि मरण म्हटलं की निराशाच, असं गृहीत धरते.

हे मला का झोंबतं? १० ऑगस्ट २०१५ ला राजस्थान उच्च न्यायालयाने सल्लेखना आत्महत्येच्या रांगेत बसवली. गावोगावी आपली माणसं मूक मोर्चात चालली, बायका पुढे. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. उडी आणि सल्लेखना यांतला फरक कोर्टात वकिलाला समजावून सांगावा लागतो; डोंगरावर तो सांगायला कोण उभं असतं?

शांतलेवर लिहिणारे पुष्कळ. माचिकब्बेवर कुणी लिहिलं, तर मी ते आधी वाचीन.