खार्किवचा कॅमेरा

आमच्या इंदूरच्या घरात देवघरालगतच्या भिंतीतल्या कपाटात जाड कातडी पेटीतला एक कॅमेरा अनेक वर्षे पडून होता. माझे थोरले काका भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीस होते. त्या कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी १९५५ साली करार झाला आणि १९५९ साली तेथील पहिली झोतभट्टी पेटली. तेथे आलेल्या परदेशी तंत्रज्ञांपैकी एकाने मायदेशी परतताना हा कॅमेरा काकांना विकला. घरात त्याला सगळे 'रशियन कॅमेरा' म्हणत. आमच्या तीन पिढ्यांच्या मुंजी, मंगळागौरी, काकूंच्या हातचे गौरीचे मुखवटे हे सारे त्यानेच टिपलेले आहे. काका गेल्यावर त्याची चावी फिरेनाशी झाली. शहरातल्या दोन दुकानांत तो दाखवला, तेव्हा 'आता शोभेला ठेवा' एवढेच उत्तर मिळाले. शेवटी आमच्या ओळखीच्या एका वृद्ध घड्याळजींनी तो उघडून पाहण्याचे कबूल केले. त्यांच्या बाकाशेजारी बसून काढलेल्या काही दुपारी या लेखाला कारण झाल्या.

कॅमेऱ्याच्या कपाळावर तीन रशियन अक्षरे कोरलेली आहेत : फ, ए, द. ती फेलिक्स एद्मुंदोविच द्झेर्झिन्स्की या नावाची आद्याक्षरे होत. सोव्हिएत गुप्त पोलिसांचा, म्हणजे 'चेका'चा, हा संस्थापक १९२६ साली वारला. धाकदपटशाशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले, त्याची आद्याक्षरे आमच्या घरच्या मंगलप्रसंगांवर रोखलेली होती, हे आम्हांला ठाऊकच नव्हते. आणि कॅमेरा मुळात रशियन नव्हेच. तो युक्रेनमधील खार्किव शहरातला.

त्याची कथा सांगण्यापूर्वी त्याचे मूळ सांगितले पाहिजे. जर्मनीतील वेट्झलार गावी लाइट्झ या सूक्ष्मदर्शक बनविणाऱ्या पेढीत ओस्कर बार्नाक नावाचा तंत्रज्ञ होता. चित्रपटाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर स्थिरचित्रे घेणारा खिशात मावेल असा कॅमेरा त्याने पहिल्या महायुद्धाच्या आधीच करून पाहिला. १९२५ साली तो 'लायका' या नावाने बाजारात आला. उणीव एकच होती. समोरची व्यक्ती किती अंतरावर आहे हे अंदाजाने, नाहीतर वेगळ्या उपकरणाने मोजून, भिंगावर आकडा लावावा लागे. १९३२ सालच्या दुसऱ्या लायकात हे अंतरमापक, म्हणजेच रेंजफाइंडर, कॅमेऱ्यातच बसवून भिंगाशी जोडले गेले. त्याची युक्ती आपल्या दोन डोळ्यांसारखीच आहे. दोन खिडक्यांतून एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा आत येतात. त्यांतली एक भिंग फिरवताना सरकते, आणि दोन्ही एकावर एक बसल्या की नेम अचूक झाला असे समजायचे. आत आरसा उसळत नसल्याने आवाज अगदी कमी होतो, आणि चित्र टिपण्याच्या क्षणीही समोरचे माणूस नजरेआड होत नाही.

हाच लायका खार्किवमध्ये उतरवून काढला गेला, आणि तो काढणारे हात पोरक्या मुलांचे होते. महायुद्ध, यादवी आणि १९२१-२२ चा दुष्काळ यांनी लाखो मुलांना रस्त्यावर आणले होते. त्यांच्यासाठी १९२७ च्या अखेरीस द्झेर्झिन्स्कीच्या नावाने खार्किवला एक वसाहत सुरू झाली, आणि अंतोन माकारेंको हा शिक्षक तिचा चालक झाला. मॉस्कोहून येणाऱ्या स्वस्त इंग्रजी पुस्तकांच्या काळात आपल्याकडील अनेक शिक्षकांनी त्याचे लेखन वाचले असेल. मुलांनी अर्धा दिवस शिकावे, अर्धा दिवस कारखान्यात काम करावे, अशी तेथील व्यवस्था होती. आधी लाकडी सामान झाले, मग विजेची ड्रिलयंत्रे झाली, आणि १९३४ पासून कॅमेरे नियमितपणे बाहेर पडू लागले. काल-परवापर्यंत स्थानकांवर पाकिटे मारणारी पोरे मिलिमीटरच्या शतांश भागाशी झुंजू लागली, हे माकारेंकोचे यश कोणालाही नाकारता येणार नाही.

परंतु खार्किवचे तेव्हाचे चित्र एवढेच नव्हते. १९३२-३३ मध्ये सरकारने सक्तीने धान्य उचलल्यामुळे युक्रेनमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. खार्किव तेव्हा सोव्हिएत युक्रेनची राजधानी होती. खेड्यांतून आलेले शेतकरी तिच्या पदपथांवर कोसळत होते. तेथे कामाला असलेला आलेक्झांडर वीनरबर्गर हा ऑस्ट्रियन अभियंता लायका घेऊन चोरून हिंडला आणि त्याने या मृत्यूंची शंभरेक छायाचित्रे घेतली. पकडला जाता तर जिवावरचा प्रसंग होता. त्या निगेटिव्ह राजनैतिक टपालाने ऑस्ट्रियात पोहोचल्या, म्हणून आज आपल्याला तो पुरावा पाहता येतो. एकाच शहरात, जवळजवळ एकाच वेळी, राज्यकर्ते ज्या यंत्राची नक्कल अभिमानाने करवीत होते, त्याच यंत्राने त्यांचा अपराध नोंदवून ठेवला. माकारेंकोची गोष्ट सांगताना वीनरबर्गरची गोष्ट गाळणे मला अप्रामाणिक वाटते. त्या मुलांचे श्रम मात्र त्यामुळे खोटे ठरत नाहीत.

१९४१ साली जर्मन सैन्य जवळ येताच कारखाना सायबेरियातील बेर्द्स्कला हलवण्यात आला. युद्धानंतर खार्किवला उत्पादन पुन्हा सुरू झाले आणि १९५५ साली 'फेद-२' आला. काकांचा तो हाच. यात पाठ व तळ मिळून पूर्ण निघते, त्यामुळे फिल्म भरणे सोपे जाते. शिवाय अंतरमापकाच्या दोन खिडक्यांतील अंतर ६७ मिलिमीटर, म्हणजे लायकाच्या जुन्या नमुन्यांपेक्षा बरेच अधिक आहे, आणि हे अंतर जितके जास्त तितका नेम अचूक. नक्कल करणाऱ्याने येथे मूळ गुरूवर मात केली, असे म्हणण्यास हरकत नाही.

घड्याळजींनी पहिल्या दुपारी भिंग आटे फिरवून काढले आणि पुढची कडी सोडवली. कडीखाली पातळ कागदाच्या दोन चकत्या होत्या. मी त्या कचरा समजून बाजूला सारणार, तोच त्यांनी माझा हात धरला. भिंगाची बैठक आणि फिल्म यांतील अंतर २८.८ मिलिमीटर असावे लागते. प्रत्येक डबा किंचित वेगळा ओतला जाई, म्हणून कामगार मोजून अशा चकत्या घालत. युद्धापूर्वीच्या फेदमध्ये तर भिंग ज्याच्या त्याच्या डब्याशीच जुळवलेले असे. एकाचे दुसऱ्याला लावले की चित्र धूसर येई. आमच्या कॅमेऱ्याच्या वेळी अनाथांची वसाहत इतिहासजमा झाली होती. तरी कोणा अनोळखी हातांनी मोजून घातलेल्या त्या चकत्या आम्ही त्याच क्रमाने परत ठेवल्या.

चावी अडण्याचे कारण वाळून राळेसारखे झालेले ग्रीस होते. दाते पेट्रोलने धुऊन घड्याळाच्या तेलाचे दोन थेंब दिल्यावर ती फिरली. खरा आजार पडद्याचा निघाला. फिल्मसमोर रबर चढवलेल्या कापडाचे दोन पडदे धावतात आणि त्यांच्यामधल्या फटीतून उजेड आत येतो. या जातीच्या कॅमेऱ्यात भिंगामागे आरशाची आड नसते. झाकण न लावता कॅमेरा उन्हाकडे तोंड करून ठेवला, तर तेच भिंग सूर्य एकवटून कापड जाळते. काकांकडून हे कधीतरी झाले असावे. विजेरी लावताच पडद्यात एक वाटोळे छिद्र आणि काही बारीक ठिपके चमकले. काळ्या रबरी लेपाने ते बुजवले. पडदा नवा घालावा असे मी सुचवले, तेव्हा कापड जुने असले तरी अजून लवचीक आहे, उगाच मोडू नका, असे घड्याळजी म्हणाले. शेवटी अंतरमापक. गच्चीवर जाऊन दूरच्या पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर नेम धरला; भिंग अनंतावर असूनही कठडे दोन दिसत होते. लहानसा स्क्रू केसभर फिरवत ते एक करायला आम्हांला पाऊण तास लागला.

ज्यांच्या घरी असे यंत्र असेल त्यांना एकच विनंती. चावी देऊन पडदा ताणल्याशिवाय वेगाची तबकडी फिरवू नये; आतली खुंटी बिघडते. दुसरे म्हणजे पावसाळ्यात कातडी पेटीत ठेवू नये, कारण कातडे ओल धरते आणि भिंगावर बुरशी येते. जुन्या बाजारात हाच फेद खोटी अक्षरे कोरून लायका म्हणूनही विकला जातो. भिंग काढून आत पाहावे : अस्सल लायकात अंतरमापकाच्या टोकाला गोल चाक असते, फेदमध्ये नुसता वक्र दांडा.

खार्किवच्या कारखान्याने कॅमेरे काढणे विसाव्या शतकाच्या अखेरीस थांबवले. २०२२ साली रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि त्या शहरावर तोफा डागल्या, तेव्हा दूरदर्शनवर नाव ऐकून काकूंनी विचारले, "अरे, हे आपल्या कॅमेऱ्याचेच गाव ना?"

दुरुस्तीनंतरची पहिली फिल्म छत्तीस चित्रांची होती. सात चित्रांवर उजेडाचा डाग आला, म्हणजे एखादा ठिपका अजून राहिला आहे. तेराव्या चित्रात काकू तुळशीपाशी पाठमोऱ्या उभ्या आहेत आणि त्यांच्या लुगड्याचे काठ स्पष्ट आले आहेत. घड्याळजींनी तो प्रिंट डोळ्याच्या भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिला आणि कॅमेरा पुन्हा घेऊन येण्यास सांगितले.