नाव एक, वारसदार दोन

24 मार्च 2016 रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने बोस्नियातील सर्बांच्या युद्धकालीन नेत्यास वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि युद्धगुन्हे यांबद्दल दोषी ठरवून 40 वर्षांची शिक्षा दिली. 20 मार्च 2019 रोजी अपिलात तिची जन्मठेप झाली. सारायेव्होचा दीर्घ वेढा आणि जुलै 1995 मधील स्रेब्रेनित्सा येथील सुमारे 8,000 पुरुष व मुलग्यांची कत्तल ही त्या निकालातील मुख्य प्रकरणे होत. निकालपत्रावर आरोपीचे नाव रोमन लिपीत सर्व खुणांसह छापलेले आहे. या खुणा गाळल्या, की तेच नाव मराठी वाचकाच्या तोंडी 'कराडझिक' होऊन बसते.

वस्तुतः ते नाव 'रादोवान काराजिच' असे आहे. आघात दोन्ही शब्दांत पहिल्या अक्षरावर. मधला 'जि' हा 'जिल्हा' या शब्दातला. रोमन लिपीत या एका ध्वनीसाठी दोन अक्षरे जोडावी लागतात, म्हणून वाचकाला 'ड' आणि 'झ' दिसतात. सर्बियन लिपीत मात्र त्यासाठी एकच अक्षर आहे.

खरी अडचण शेवटच्या 'च'ची. मराठीत या एका अक्षराचे उच्चार दोन : 'चिमणी'तला तालव्य आणि 'चाका'तला दंततालव्य. 'तोच', 'आजच' अशा शब्दांच्या सवयीने जीभ अखेरच्या 'च'पाशी दुसऱ्या उच्चाराकडे घसरते. येथे हवा तो पहिला, किंबहुना त्याहूनही किंचित मृदू. सर्बियनमध्ये 'चाका'तल्या ध्वनीला एक अक्षर, कठोर तालव्य 'च'ला दुसरे आणि मृदू 'च'ला तिसरे. मराठी वाचक जो भेद केवळ कानाच्या आधारे करतो, तो तेथे कागदावरच केलेला असतो.

ही व्यवस्था ज्याने लावली, त्याचे आडनावही काराजिचच होते. वुक स्तेफानोविच काराजिच यांचा जन्म 1787 मध्ये त्रशिच या सर्बियन खेड्यात झाला. 'वुक' म्हणजे लांडगा. आधीची भावंडे जगली नव्हती. चेटकिणींनी या मुलास तरी खाऊ नये म्हणून आईबापांनी हे नाव ठेवले. धोंडू, दगडू, भिकू ही नावे ज्या घरांत ठेवली गेली, त्या घरांना यामागचे भय समजावून सांगण्याची गरज नाही.

त्या काळी सर्बियन विद्वानांचे लेखन चर्चच्या जुन्या भाषेच्या वळणाने चाले. शेतकऱ्याची व गुराख्याची बोली ग्रंथात येत नसे. वुक यांनी तीच बोली प्रमाण मानली. 1818 मध्ये व्हिएन्ना येथे त्यांचा शब्दकोश छापला गेला. एका ध्वनीस एक अक्षर, अशी 30 अक्षरांची वर्णमाला त्यांनी सिद्ध केली. धर्मपीठाने आणि पंडितांनी कडाडून विरोध केला. 1864 मध्ये वुक वारले. त्यानंतर चार वर्षांनी, 1868 मध्ये, त्यांची लेखनपद्धती सर्बियात अधिकृत झाली.

वुक यांचे पूर्वज मॉन्टेनेग्रोच्या डोंगराळ भागातून आलेले. त्याच भागातील पेत्निइत्सा गावी 1945 मध्ये रादोवान जन्मला. तो मनोविकारतज्ज्ञ झाला, कविता लिहू लागला, आणि वुक यांच्या कुळाचा वारसा अभिमानाने सांगू लागला. तथापि जुलै 2008 मध्ये बेलग्रेड येथे तो पकडला गेला, तेव्हा पांढरी दाढी वाढवून, उपचार करणारा 'द्रागान दाबिच' म्हणून वावरत होता. ज्या नावाचा मोठेपणा मिरविला, तेच नाव त्याला टाकून द्यावे लागले होते.

हे ध्वनी मात्र एका पक्षाचे नव्हेत. बोस्नियाच्या मुसलमानांत 'हाजिच' आणि 'होजिच' ही आडनावे आढळतात. पहिल्यात 'हाजी' आहे, दुसऱ्यात तुर्की वाटेने आलेला 'ख्वाजा'; आणि दोहोंच्या शेवटी काराजिच या नावातला तोच 'जिच' आहे. स्रेब्रेनित्सानजीक पोतोचारी येथे 2003 मध्ये उघडलेल्या स्मृतिस्थळी पांढऱ्या शिळांच्या रांगा आहेत. त्यांवरील नावे त्याच खुणांसह कोरलेली आहेत. मारणाऱ्याचे नाव बिनचूक उच्चारता येणे हा त्याचा गौरव नव्हे. ज्या जिभेला ते नाव साधले, तिला त्या शिळांवरची नावेही नीट वाचता येतील.