ॲल्युमिनियमातील पोलादी स्क्रूंचे निष्कासन

ॲल्युमिनियमाच्या भागात घट्ट बसलेला किंवा मोडून राहिलेला पोलादी स्क्रू काढून टाकण्याची क्रिया. या दोन धातूंच्या सांध्यात ओलावा शिरला की विद्युत् घट निर्माण होऊन ॲल्युमिनियमाचे क्षरण होते. क्षरणातून बनणारे पदार्थ मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतात व आट्यांतील फट भरून स्क्रू आवळला जातो.

भाग भंगारात काढावयाचा असल्यास केवळ धातूच मोलाची असते. ॲल्युमिनियम ६६०° से.ला, तर पोलाद सु. १,५००° से.ला वितळते. त्यामुळे उतरत्या तळाच्या भट्टीत ॲल्युमिनियम वाहून जाते व पोलाद मागे राहते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत किंगमन (ॲरिझोना) येथे हजारो लढाऊ विमाने एंजिने काढून, तुकडे करून वितळविण्यात आली. तेथे एकेक स्क्रू काढणे शक्यच नव्हते. मात्र पोलाद वितळलेल्या ॲल्युमिनियमात फार काळ राहिल्यास लोह त्यात विरघळते. ते नेहमीच्या शुद्धीकरणाने निघत नाही व त्याच्या संयुगांमुळे ओतीव धातू ठिसूळ होते.

भाग वाचवावयाचा असल्यास तेल मुरविणे, डाव्या आट्यांचा निमुळता निष्कासक वापरणे, तसेच उष्णता देणे हे उपाय योजतात. तापविल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या सु. दुप्पट प्रसरण पावते व पकड सैल होते. पितळेत मोडलेला पोलादी स्क्रू तुरटीच्या उष्ण विद्रावात विरघळविण्याची घड्याळजींची जुनी रीत ॲल्युमिनियमासही लागू पडते. गिरमिटाने पोखरणे मात्र जोखमीचे असते. कठीण पोलादावरून घसरलेले गिरमिट शेजारच्या मऊ धातूत शिरते.

या अडचणीतूनच एक नवे यंत्रणतंत्र पुढे आले. १९४० नंतरच्या दशकात हॅरल्ड स्टार्क, व्हिक्टर हार्डिंग व जॅक बीव्हर या अमेरिकन तंत्रज्ञांनी ॲल्युमिनियमाच्या ओतीव भागांत मोडलेली गिरमिटे व आटे पाडण्याची हत्यारे विद्युत् ठिणग्यांनी झिजवून काढणारे यंत्र तयार केले. त्यात सेकंदाला सु. ६० ठिणग्या पडत. रशियात बी. आर. व एन. आय. लाझारेंको यांनी विद्युत् स्पर्शकांची झीज अभ्यासताना १९४३ मध्ये स्वतंत्रपणे हेच तत्त्व विकसित केले. ठिणगीला पोलादाच्या कठीणपणाची बाधा होत नाही आणि हत्यार कामाला टेकत नसल्याने आटे शाबूत राहतात. साचे बनविण्याच्या उद्योगात रूढ झालेल्या विद्युत् विसर्जन यंत्रणाचा उगम असा आहे.

भंगारापासून ॲल्युमिनियम मिळविण्यास खनिजापासून मिळविण्याच्या सु. ५ टक्केच ऊर्जा लागते. ही बचत पदरात पडावी म्हणून भंगाराचे तुकडे करून चुंबकाने पोलाद वेगळे करतात. तथापि तुकड्यात रुतलेला स्क्रू चुंबकाला नेहमीच दाद देत नाही. त्यामुळे मौल्यवान ओतीव भागांतील स्क्रू आधीच काढून टाकणे श्रेयस्कर ठरते.