पारा ३.९ आणि एक खुराडं

गुरुवार, ७ जानेवारी १९३७. अजून फटफटलेलं नाही. नागपूरच्या जुम्मा तलावाजवळ, ज्याला आज आपण गांधीसागर म्हणतो, तुम्ही एका अंगणात उभे आहात. बोटं बधिर झाली आहेत. आज पारा ३.९ अंशांपर्यंत उतरेल आणि हा नीचांक जवळजवळ ८२ वर्षं टिकेल, हे या अंगणात फक्त तुम्हाला ठाऊक आहे. एम्प्रेस मिलचा भोंगा व्हायचा आहे. घरची बाई कंदील घेऊन बाहेर येते.

"थंडीत काहून उभे जी? शेकोटीपाशी बसा ना."

तुमचं लक्ष मात्र खुराड्याकडे. मातीच्या भिंती, वर कौलं, दाराला गोणपाट. कौलांखाली वीतभर फट उघडीच आहे. ती बुजवायला तुम्ही हात पुढे करता.

"राहू द्या. कोंडलं का वास मारते, मंग कोंबड्या घुरघुरतात."

तिचं खरं आहे. कोंबडीच्या अंगात ४१ अंशांच्या आसपास ऊब असते. पिसं फुलवून ती ऊब ती धरून ठेवते. तिला बाधते ती ओल: रात्रभराच्या श्वासाची, विष्ठेची, आणि त्यातून सुटणाऱ्या अमोनियाची. खाली हात घालून पाहा. तणस कोरडं, कालच बदललेलं. वर बांबूवर कोंबड्या एकमेकींना खेटून, पाय पिसांत घेऊन बसल्या आहेत. संध्याकाळी तिने मूठ-मूठ ज्वारी जास्त टाकली होती. दाणा रात्रभर पचतो आणि अंग गरम राहतं.

"थंडीनं अंडी बंद झाली," ती म्हणते. थंडीपेक्षा उजेडाचं कारण मोठं. जानेवारीत इथला दिवस जेमतेम ११ तासांचा आणि नियमित अंड्यांसाठी कोंबडीला साधारण १४ तास उजेड लागतो. मग आत कंदील टांगायचा का? मुळीच नको. तणसाला एक ठिणगी पुरते. माझ्या मते हा विसावा कोंबडीच्या हक्काचाच आहे.

बाईला धास्ती थंडीची नाही, मानमोडीची आहे. कुमाऊंमधल्या राणीखेतच्या नावाने हा रोग ओळखला जाऊ लागून दहा वर्षंही झालेली नाहीत. मुक्तेश्वरची लस यायला १९४० चं दशक उजाडेल. साथ आली तर ती राखेची आणि नशिबाची वाट धरणार, आणि तुमचे हात रिकामे.

आता शनिवार, २९ डिसेंबर २०१८. तेच शहर, पारा ३.५, जुना नीचांक मोडला. या परसात गिरिराज कोंबड्या आहेत आणि मालकाने मायेपोटी खुराडं प्लास्टिकने चहूबाजूंनी गुंडाळलं आहे. आतून पाण्याचे थेंब ओघळताहेत. आधी वरची पट्टी सोडा. वारा थेट अंगावर येऊ नये, पण कोंदट हवा वरून निघून गेली पाहिजे. मग कोमट पाणी ठेवा. अंड्याचा पाऊण भाग पाणीच असतो आणि गारठलेलं पाणी कोंबड्या कमी पितात. दिवा लावायचाच असेल तर पहाटे लावा. संध्याकाळचा दिवा अचानक मालवला की त्या अंधारात चाचपडतात, दांडीवर चढू शकत नाहीत.

आणि १९३७ च्या त्या बाईला जे मिळालं नाही, ते तुमच्या जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळतं. कोंबड्या धडधाकट असतानाच, थंडी पडायच्या आधी, राणीखेतची लस टोचून घ्या. रोग शिरल्यावर औषध नाही.