हवा-निलंबन, मालमोटारीतील
मालमोटारीचा भार पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगांऐवजी दाबाखालील हवेने भरलेल्या रबरी फुग्यांवर तोलून धरणारी योजना. तीमधील टाकी व संपीडक यांच्या निवडीमागील तत्त्व रेल्वेकडून आले. जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांच्या १८६९ मधील हवा-गतिरोधकात सर्व डब्यांना एंजिनावरूनच नळीवाटे हवा मिळे. नळी तुटल्यास गतिरोधक निकामी होत. म्हणून १८७२ मध्ये त्यांनी प्रत्येक डब्याला स्वतंत्र टाकी दिली. १९५४ मध्ये अमेरिकेतील ग्रेहाउंड कंपनीच्या सीनिकक्रूझर बसगाड्यांत हवा-निलंबन आले. पुढे ते मालमोटारींतही रूढ झाले. मालमोटारीत बहुधा एकच संपीडक गतिरोधक व निलंबन या दोहोंना हवा पुरवितो. त्यामुळे फुगा फाटल्यास गतिरोधकाची हवा निसटण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी बसविलेली दाबरक्षक झडप, दाब ठराविक मर्यादेखाली जाताच निलंबनाची वाट बंद करते. अमेरिकेत १९७५ पासून लागू झालेल्या १२१ क्रमांकाच्या मानकानुसार मालमोटारीतील गतिरोधकाच्या टाक्यांचे घनफळ गतिरोधक-कोष्ठांच्या एकूण घनफळाच्या किमान १२ पट लागते. निलंबनाची गरज याहून वेगळी धरावी लागते. मोठी टाकी हवा साठविते, निर्माण करीत नाही. वापरलेली हवा वेळेत भरून काढील असाच संपीडक निवडणे आवश्यक ठरते.