क्रॅश स्टेजवर कसा आला

आजचा भाग एक आठवडा उशिरा येतोय, कारण तो रेकॉर्ड करण्याआधी मला एक फोन करायचा होता. कोणाला, ते शेवटी सांगतो.

बीटेकचं शेवटचं वर्ष. फायनल प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन, समोर एक्स्टर्नल बसलेले, लॅपटॉप माझा. एचडीएमआय केबल लावली. तीन स्लाइड नीट गेल्या. चौथ्या स्लाइडवर डेमोचा व्हिडिओ होता, माझ्या पार्टनरने टाकलेला. तिथे स्क्रीन हँग झाली आणि प्रोग्राम बंद पडला. परत उघडला, परत तेच. आणि मी सगळ्यांसमोर बोलून गेलो, "सर, व्हिडिओ ह्याने काल रात्री टाकलाय." तो काहीच बोलला नाही. उरलेलं आम्ही फळ्यावर खडूने समजावलं. मार्क जायचे ते गेलेच.

आता, असा प्रसंग माणसावर येऊ शकतो हेच मुळात तसं नवीन आहे. पॉवरपॉइंटची पहिली आवृत्ती २० एप्रिल १९८७ ला आली, तीही विंडोजवर नाही, मॅकिंटॉशवर. कॅलिफोर्नियातल्या फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीत रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन ह्यांनी ती घडवली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १ कोटी ४० लाख डॉलर मोजून ती कंपनी विकत घेतली. पण त्या पहिल्या पॉवरपॉइंटमधून बाहेर काय यायचं? काळीपांढरी पानं. त्यांच्या ट्रान्सपरन्सी करायच्या आणि ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या. म्हणजे कॉम्प्युटर क्रॅश व्हायचा तो आदल्या रात्री, टेबलावर. एक रात्र वाया जायची, पण हॉलमध्ये कोणाला पत्ता लागायचा नाही.

हे बदललं १९९२ मध्ये. पॉवरपॉइंटच्या तिसऱ्या आवृत्तीत लॅपटॉपवरून थेट प्रोजेक्टरवर स्लाइड दाखवायची सोय आली. त्या फेब्रुवारीत पॅरिसच्या एका हॉटेलात गॅस्किन्सनी स्वतः ती दाखवली. आता स्टेजवर नुसती पानं नव्हती, अख्खा कॉम्प्युटर होता, त्याच्या सगळ्या दुखण्यांसकट.

आणि दुखणी होतीच. त्या वेळच्या विंडोजमध्ये एका प्रोग्रामने आपण होऊन बाजूला व्हायचं, मग दुसऱ्याचा नंबर. सार्वजनिक नळासारखं. पुढचा माणूस हंडा भरून झाल्यावरही हललाच नाही, तर मागची सगळी रांग खोळंबली. शिवाय प्रिंटर, स्कॅनर, ग्राफिक्स कार्ड ह्यांचे ड्रायव्हर वेगवेगळ्या कंपन्यांनी लिहिलेले. ते सिस्टीमच्या गाभ्यात चालायचे. त्यातला एक घसरला की सगळंच आडवं.

ह्याचा सगळ्यात प्रसिद्ध पुरावा २० एप्रिल १९९८ चा. पॉवरपॉइंटला बरोबर अकरा वर्षं झाली होती. शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात विंडोज ९८ चा डेमो चाललेला. ख्रिस कॅपोसेला ह्यांनी स्कॅनर जोडला आणि पडद्यावर निळी स्क्रीन. शेजारी बिल गेट्स, समोर भरलेलं सभागृह. लोक हसले, टाळ्या पडल्या. गेट्सनीही विनोद करून वेळ निभावली. केबल ज्याच्या हातात होती त्याच्यावर खापर फोडणं किती सोपं होतं! पण कॅपोसेला कंपनीत टिकले, पुढे तिथलेच मार्केटिंगचे प्रमुख झाले.

खरा बदल त्यानंतरचा. ऑफिस एक्सपी आणि विंडोज एक्सपीपासून, म्हणजे २००१ च्या सुमाराला, क्रॅश झाला की रिपोर्ट पाठवू का असं विचारणारी खिडकी यायला लागली. आपण वैतागून ती बंद करायचो. पण त्या रिपोर्टमध्ये कोणता प्रोग्राम, कोणती आवृत्ती, नेमक्या कुठल्या फाइलमध्ये पडला, हे असायचं. सारखे क्रॅश एका बादलीत टाकायचे आणि सगळ्यात भरलेली बादली आधी उपसायची. २००२ मध्ये स्टीव्ह बामरनी ग्राहकांना लिहिलेल्या पत्रात आकडा दिला: एक टक्का बग निम्म्या एररना कारण होते. क्रॅश हे नशीब न राहता मोजता येणारी गोष्ट झाली.

पुढे व्हिस्टामध्ये ग्राफिक्स ड्रायव्हरचा बराचसा भाग गाभ्याबाहेर काढला. ग्राफिक्स कार्ड दोन सेकंद गप्प राहिलं की विंडोज ते रीसेट करतं, म्हणून कधीकधी स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते. पण स्लाइडचे इफेक्ट आणि व्हिडिओही त्याच कार्डावर चालायला लागले. म्हणजे प्रेझेंटेशन आणि ड्रायव्हर ह्यांची गाठ पक्की झाली.

म्हणून कोणाला दोष देण्याआधी एकेक गोष्ट वजा करा. कंट्रोल दाबून धरून पॉवरपॉइंट उघडा, तो सेफ मोडमध्ये अ‍ॅड-इनशिवाय सुरू होतो. चालला, तर अ‍ॅड-इनवर संशय. नाही, तर केबल काढून बघा. सेटिंगमध्ये हार्डवेअर ग्राफिक्स अ‍ॅक्सलरेशन बंद करायचा पर्याय असेल तर तो वापरा. ड्रायव्हर अपडेट करा. आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये फॉल्टिंग मॉड्यूलपुढे कुठल्या फाइलचं नाव आहे ते वाचा.

हे सगळं मी त्याच आठवड्यात केलं होतं, हॉस्टेलच्या टीव्हीवर. व्हिडिओ काढला, केबल ठेवली: क्रॅश. व्हिडिओ ठेवला, केबल काढली: सुरळीत. लॉगमध्ये नाव होतं ग्राफिक्स ड्रायव्हरच्या फाइलचं. लॅपटॉप माझा, ड्रायव्हर मीच दोन वर्षं अपडेट केला नव्हता. मला कळलं होतं, आणि मी पार्टनरला सांगितलं नाही.

गेल्या रविवारी त्याला फोन करून सांगितलं. तो आधी हसला. मग म्हणाला, "मी अजून प्रेझेंटेशनमध्ये व्हिडिओ टाकत नाही रे."

तर मंडळी, तुमचाही असा एखादा फोन राहिला असेल, तर करून टाका. भेटू पुढच्या भागात.