काउत्स्कींच्या अंधाऱ्या खोलीत

साल 1931. तुमच्या पायाखाली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या हाउप्टश्ट्रासेचा दगडी रस्ता आहे. मागून ट्रामची घंटा घणघणते आणि तुम्ही अंग चोरून भिंतीला चिकटता. कोळशाचा धूर, बेकरीतल्या गरम पावाचा वास, विद्यार्थ्यांचा गलका. गर्दीतून वाट काढा आणि थेट विद्यापीठाच्या रसायनशाळेत शिरा.

आत आम्लाच्या वाफा नाकाला झोंबतात. बुन्सेनच्याच गावात बुन्सेनचा बर्नर फुरफुरतोय, काच वाकवणाऱ्या ज्योतीची धग गालाला लागतेय आणि पंपाच्या धडधडीने टेबल थरथरतंय. रसायनशास्त्रज्ञ हान्स काउत्स्की तुम्हाला अंधाऱ्या खोलीत नेतात. दार लागतं. थोडं थांबा, डोळे सरावू द्या, कारण इथे मोजमापाचं उपकरण तुमचे डोळेच आहेत.

आधी एक हिरवं पान. अंधारात ठेवलेल्या त्या पानावर दिव्याचा झोत पडतो. गडद लाल काचेतून बघा: पान लाल उजळतं, झळाळतं आणि मग तुमच्या देखत हळूहळू मंदावतं. पान अन्न बनवायच्या कामाला लागलंय, आणि त्याची चाहूल तुम्हाला नुसत्या डोळ्यांनी लागली.

आता काचेची नळी घ्या. आत सिलिका जेलचे दाणे आहेत, त्यांवर ट्रायपाफ्लेविन बसवलंय. जखमा निर्जंतुक करायला वापरतात तेच हे पिवळं रंगद्रव्य. पंपाने हवा काढलीय. दिवा विझला तरी दाणे चमकतच राहतात! तोटी किंचित फिरवा, ऑक्सिजनचा अंश आत जाऊ द्या. चमक गेली. पंप चालवा, दिवा दाखवा, ती पुन्हा हजर. रंगद्रव्याने प्रकाशातून घेतलेली ऊर्जा ऑक्सिजन मधल्यामधे उचलतो, म्हणून चमक मावळते.

उचललेल्या ऊर्जेचं तो करतो काय? दुसऱ्या नळीत डोकवा. चमकणाऱ्या दाण्यांत वेगळे दाणे मिसळलेत, त्यांवर एक रंगहीन पदार्थ बसवलाय. दोन्ही पदार्थ आपापल्या दाण्यांना घट्ट धरून आहेत. थोडा ऑक्सिजन सोडून दिवा लावला, की रंगहीन दाणे हिरवे होऊ लागतात. मधली फट ओलांडून नक्कीच कुणीतरी गेलंय. काउत्स्की म्हणतात, तो ऊर्जा घेतलेला ऑक्सिजनच. बऱ्याच जणांना हे पटत नाही. काउत्स्की पुढे लाइपझिगला जातात, मग मारबुर्गला, पण मत बदलत नाहीत. 1960च्या दशकात इतर रसायनशास्त्रज्ञ त्याच ऑक्सिजनपाशी पोहोचतात, तेव्हा सत्तरी ओलांडलेले काउत्स्की हयात असतात.

चमक गेली की आपण प्रयोग फसला म्हणतो. काउत्स्कींनी त्या मावळण्यालाच मोजपट्टी केलं आणि 1935 मध्ये त्यावरून ऑक्सिजनचा अत्यल्प अंश ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. आज मत्स्यतळ्यातल्या पाण्यात प्रकाशावर चालणारा ऑक्सिजन सेन्सर बुडवतात, तेव्हा टोकावरच्या रंगद्रव्याची चमक ऑक्सिजनमुळे किती मावळली हेच तो वाचतो. आता तुम्हालाही ते वाचता येतं.